कुंपणाबाहेरून चारशे दहा पेट्या

कंपनीचं पत्रक तीन ओळींचं यायचं आणि त्या तीन ओळींवर आम्ही आठवडा काढायचो. छत्तीस वर्षं मी शाळेत पोरांना उतारे वाचायला लावले, "यावरून लेखकाला काय म्हणायचे आहे?" असं विचारून छळलं. पण उतारा वाचायचा कसा, हे मी खरं शिकले ते निवृत्त झाल्यावर, पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवर, झेरॉक्सच्या दुकानात, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून!

दुकान झेरॉक्सवाल्या भाऊंचं. मध्य प्रदेश सरकारनं पांढुर्ण्याला जिल्हा केल्यापासून त्यांची मशीन थंड व्हायचं नाव घेत नव्हती. सगळं गाव कागद घेऊन रांगेत. आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर शेअरचं खातं उघडून दिलं ते त्यांनीच. दुसरे होते पोस्टमास्तर. रिटायर होईपर्यंत त्यांनी जगाला सांगितलं की पैसा पोस्टात ठेवा अन् निवांत झोपा. आणि सत्तरीला आल्यावर ह्या माणसाला असे पंख फुटले की दर पाच मिनिटांनी मोबाईल काढून भाव पाहायचे. तिसरी मी. पत्रक इंग्रजीत यायचं, म्हणून ते वाचून सांगायचं काम माझं. आणि चौथे आमचे हे.

ह्यांच्याबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच झालं. हे बगीचे पाहतात. म्हणजे संत्र्याचा बगीचा झाडावर फळ असतानाच विकला जातो ना, तेव्हा व्यापारी ह्यांना घेऊन जायचे. हे बगीच्यातून एक चक्कर मारणार, पाच-सात झाडांखाली उभे राहणार, एक डोळा मिटणार, आणि सांगणार की एवढे कॅरेट, म्हणजे प्लास्टिकच्या जाळीच्या पेट्या, निघतील. पूर्वी कॅरेट नव्हते तेव्हा लाकडी पेट्यांत सांगायचे. चाळीस वर्षं त्या एका आकड्यावर सौदे झाले. कागद नाही, सही नाही. ह्यांनी म्हटलं की म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतरच्या पहिल्याच बगीच्यात अंदाज पार चुकला. सांगितलं त्याच्या अर्धासुद्धा माल निघाला नाही. मला विचाराल तर पाऊस लांबला, फळगळ झाली, त्यात माणसाच्या डोळ्याचा काय दोष? पण तो व्यापारी भर बाजारात म्हणाला, "काकांची नजर गेली." बस्स. त्या दिवसापासून एकाचाही फोन नाही. हे सकाळी उठायचे, आंघोळ करून बाहेरच्या खुर्चीवर बसायचे, रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकली पाहायचे. बगीच्यात घालायचे जोडे मागच्या दारी तसेच पडले होते, चिखलासकट. मी ते धुवायला उचलले तर म्हणाले, "राहू दे. कोणाले पाह्यजे?" मला असा राग आला! त्या व्यापाऱ्याचाही, आणि ह्यांचाही. भांडले मी. माझं तोंड गप्प बसत नाही, वर्गातही बसायचं नाही. शेवटी मीच ह्यांना ओढत झेरॉक्सच्या दुकानात नेऊन बसवलं.

तिथं कंपनीची चर्चा. कंपनी खाणीतली. सौंसरच्या पुढे, रामाकोन्याच्या बाजूला तिनं जागा घेतली होती आणि मॅंगनीजसाठी ड्रिलिंग चालू होतं. आमच्या सौंसर तालुक्यात तो काळा, जड दगड लहान पोरालाही ओळखू येतो, त्यामुळे कंपनी आपल्या घरचीच वाटायची. शेअर इतका स्वस्त की एकाच्या भावात समोसासुद्धा आला नसता. आम्ही थोडे थोडे घेऊन ठेवले होते. आणि मग सुरू झाला पत्रकांचा नाद.

त्या दिवशीचं पत्रक मी मोठ्यानं वाचलं. "ड्रिलिंग चालू आहे. काम ठरल्याप्रमाणे होऊन राहिलं. निकाल यथावकाश कळवू."

"बस?" पोस्टमास्तर म्हणाले.

"बस."

"मागच्या वेळी 'उत्साहवर्धक' होतं," झेरॉक्सवाले भाऊ म्हणाले आणि त्यांनी जुन्या पत्रकाची प्रत काढली. सगळी पत्रकं त्यांनी फाईल करून ठेवली होती. "ह्या वेळी नाही. काहून नाही?"

झालं! एक शब्द गेला म्हणून चहा दोनदा आला. पोस्टमास्तरांचं म्हणणं, काही लागलं नाही म्हणून शब्द काढला. भाऊंचं म्हणणं, काहीतरी मोठं लागलं म्हणून सांभाळून लिहून राहिले. मी शाळेची बाई म्हणून निकाल द्यावा अशी दोघांची अपेक्षा. मी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

तेव्हा कोपऱ्यातून हे बोलले. किती तरी दिवसांनी चार माणसांत बोलले. "बगीच्याचा मालक फाटकात उभा राहून बोलावते ना, या जी, पाहा जी, च्या घ्या जी, त्याच्या झाडाले काही नसते. अन् ज्याचा बगीचा लदलेला असते, तो म्हणते, काय जी, यंदा काही खास नाही. मी चाळीस वर्षं पाहून राहिलो. बोलत नाही त्याच्याकडं माल असते."

मग पोस्टमास्तरांनी मांडीवर अशी थाप मारली की चहाचा कप लवंडला. "अरे बाप्पा! हे तं आपल्याले सुचलंच नाही!"

मलाही नाही सुचलं आणि मलाही पटलं, काय खोटं सांगू! त्यात ह्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं तर मान वर, डोळ्यांत चमक. मनात म्हटलं, कंपनीचं काही का होईना, माझा माणूस परत आला.

"पण अंदाज घरी बसून होत नसते," हे म्हणाले. "बगीचा पाहावा लागते."

शनिवार ठरला. शनिवारी जामसांवळीला तशीही गर्दी असते; घरी सांगायला बरं, मारुतीच्या दर्शनाला चाललो. भाऊंची जुनी व्हॅन निघाली. आधी सरळ रामाकोना, येताना दर्शन, असं ठरलं. पोस्टमास्तरांनी घरून दुर्बीण आणली होती, नातवाची, प्लास्टिकची, लाल रंगाची. मी इतकी हसले की ठसका लागला. थंडीचं कोवळं ऊन, वेचून झालेली कपाशी, मध्ये मध्ये संत्र्याचे हिरवेगार पट्टे, आणि आम्ही चौघं म्हातारे शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. बायकोला न सांगता शेअर घेतल्याची गोष्ट भाऊंनी त्याच प्रवासात कबूल केली.

जागेवर पोचलो. तारेचं कुंपण, पलीकडं ड्रिलचा घरघराट, आणि एका उघड्या टिनाच्या शेडमध्ये पेट्या. लांबट, लाकडी पेट्या, एकावर एक रचलेल्या. थोड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या, थोड्या उघड्या.

पेट्या पाहिल्या आणि ह्यांच्या अंगात वारंच शिरलं! "लाकडी!" म्हणाले. "किती वर्षांनी पाहून राहिलो लाकडी पेट्या!" पोस्टमास्तरांनी दुर्बीण पुढं केली ती त्यांनी घेतलीसुद्धा नाही. कुंपणाच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. थांबले. एक डोळा मिटला, उघडला, मग दुसरा मिटला. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, ओठ हलत होते. ताडपत्री वाऱ्यानं जराशी उचलली तेव्हा मान तिरपी करून पाहून घेतलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. मला आठवतं, माझ्या हातात पदराचं टोक होतं आणि मी ते पिळत होते.

"चारशे दहा," हे म्हणाले. "दोन-चार इकडं-तिकडं."

"म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? तोडणी चालू आहे! पेटी काय उगाच भरते काय? माल असल्याशिवाय कोणी पेटी भरते? चारशे दहा पेट्या भरून ठेवल्या अन् लिहून काय राहिले? यथावकाश कळवू!"

भाऊंनी ह्यांना मिठीच मारली. पोस्टमास्तर तर त्या वयात जागच्या जागी नाचले. चौकीदार ओरडत आला तसे आम्ही पोरांसारखे व्हॅनकडं पळालो. गाडीशी पोचल्यावर धापा टाकत पोस्टमास्तर म्हणाले, "सोमवारी सकाळी एफडी मोडतो. पोस्टातली. सगळी. तुमच्या नजरेवर, काका."

हे ताठ उभे राहिले. व्यापारी म्हणाला होता नजर गेली. आणि इथं एक माणूस त्याच नजरेवर आपली आयुष्याची पुंजी लावायला निघाला होता.

रामाकोन्यात चहाला थांबलो. पुरुष मंडळी गाडीशीच उभी राहून किती शेअर घ्यायचे यावर वाद घालत होती, मी टपरीच्या बाकावर बसले. तेवढ्यात एक पन्नाशीचा माणूस येऊन पायाच पडला. "बाई, वळखलं काय?" माझी पहिली नोकरी सौंसरची, तिथला विद्यार्थी. केस माझ्याइतकेच पांढरे. नाकाच्या शेंड्यावरून ओळखलं. बोटांना पांढरा रंग लागलेला.

"काय करतोस रे आता?"

"ड्रिलिंगवर आहे, बाई. पेट्यांवर नंबर टाकतो."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "खूप निघालं काय रे मॅंगनीज?"

त्यानं लगेच कान पकडले. "ते नाही सांगता येत, बाई. नोकरी जाईल. कंपनी सांगीन तवाच."

"बरं बरं, नको सांगू. पण पेट्या तर चांगल्या भरल्या."

तो हसला. मला हसला! "बाई, पेटी तं भरतेच. मशीन जमिनीतून दगडाचा कांडका काढते, लांबच्या लांब. जेवढं खोल जाईन तेवढा कांडका. मॅंगनीज असो का साधा गोटा असो, सगळा पेटीत ठेवा लागते. खोल गेलं का पेट्या वाढल्या. त्यात काही आहे का नाही, ते तपासणीवाल्याले माहीत."

त्यानं आपला मोबाईल नंबर माझ्या फोनमध्ये टाकून दिला, घरी या म्हणाला, आणि गेला. मी बसूनच राहिले. आमच्यासारख्या संत्र्याच्या मुलखातल्या माणसांनाच ही चूक करता येते हो! भरलेली पेटी दिसली की आम्हाला फळ दिसतं. पेटीत कोणी रिकामा दगड जपून ठेवत असेल, हे आमच्या स्वप्नातही येणार नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत नुसता जल्लोष. पोस्टमास्तर नातवाला सायकल घेऊन देत होते, भाऊ नवी मशीन. हे पुढच्या सीटवर बसून बोटानं वाटेतले बगीचे दाखवत होते, "हा पाहा, हा दीडशे कॅरेट. हा फोकट मोठा दिसते, ऐंशीच्या वर नाही." महिनोन्महिने जो माणूस खुर्चीतून हलला नव्हता! सांगितलं तर ह्यांचा शब्द दुसऱ्यांदा पडतो, आणि तोही माझ्या तोंडून. नाही सांगितलं तर सोमवारी त्या वेड्या पोस्टमास्तराची एफडी. सौंसर आलं, गेलं. मी गप्प. मी! भाऊंनी आरशातून पाहून विचारलंही, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

जामसांवळीला उतरलो. ही गर्दी! पोस्टमास्तर आपले आधीच खुशीत, नारळवाल्याला म्हणाले, "पाच दे." एक नारळ नाही, दोन नाही, पाच! तिथं माझा बांध फुटला.

"ठेवा ते नारळ!" मी वर्गातल्या आवाजात ओरडले. आजूबाजूचे चार भाविकही दचकले. आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. कांडका, साधा गोटा, पेटी भरतेच. सांगताना ह्यांच्याकडं पाहायची हिंमत झाली नाही, नारळाच्या ढिगाकडं पाहत बोलले.

भाऊंनी डोक्याला हात लावला. पोस्टमास्तरांनी हातातला नारळ हळूच परत ढिगात ठेवला. मग मी मान वर केली. ह्यांचा चेहरा उतरला होता, हो, पण हे रागावले नव्हते. काहीतरी विचार करत होते.

"तो नंबर टाकते म्हणाला?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"शेवटचा नंबर कोणता टाकला?"

"मी कशाला विचारू?"

"विचार."

"अहो, पण आता त्याचा काय उपयोग?"

"विचार ना वो!" आवाज कापत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि घाईत माझ्याकडून नंबरच लागेना. भाऊंनी फोन घेऊन लावला, स्पीकर सुरू केला. मंदिराची घंटा, प्रसादवाल्यांचा आरडाओरडा, आणि आम्ही चौघं एका मोबाईलवर डोकी घालून. रिंग वाजून वाजून बंद पडली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा लावला.

"बोला, बाई!"

"अरे," मी म्हणाले, "एक विचारायचं होतं. कंपनीचं गुपित असेल तर राहू दे. आज शेवटच्या पेटीवर कोणता नंबर टाकलास?"

"त्यात कायचं गुपित! कुंपणातून कोणीही मोजून घ्या." तो थांबला, कोणाशी तरी बोलला. आम्हाला ते अर्धं मिनिट अर्ध्या जन्माएवढं वाटलं. "चारशे बारा, बाई."

पोस्टमास्तर असे किंचाळले की नारळवाला उभा राहिला. "चारशे बारा! अन् काका म्हणे चारशे दहा! तारेच्या बाहेरून! ताडपत्रीसकट!" एफडी, सायकल, कंपनी, सगळं विसरून ते ह्यांचे दोन्ही हात धरून हलवत होते. भाऊ हसत होते, मी रडत होते, आणि भर गर्दीत रडायची मला बिलकुल लाज वाटली नाही. हे मात्र नाराज.

"दोन सुटल्या," म्हणाले. "ताडपत्रीच्या मागच्या अंगाले असतीन."

पाचही नारळ फोडले आम्ही, नंतर.

पंधरवड्यानं पत्रक आलं, तीनच ओळींचं. या जागेत उल्लेखनीय खनिज आढळलं नाही, ड्रिलिंग थांबवलं, पुढील माहिती यथावकाश कळवू. शेअर आपटला. आमचे थोडे होते ते गेल्यातच जमा. पोस्टमास्तरांची एफडी पोस्टातच राहिली, आणि ते अख्ख्या पांढुर्ण्यात आपली फजिती स्वतःच सांगत सुटले, स्टेशनवर, कापसाच्या बाजारात, न्हाव्याकडं. लोक आम्हाला पोट धरून हसले. दगडाला संत्रं समजले म्हणे! हसू देत. पण गोष्ट सांगून झाली की ऐकणारा हमखास विचारायचा, "पण चारशे दहा अन् चारशे बारा, हे खरं काय जी?"

मग एके दिवशी सकाळी फाटकापुढं मोटारसायकल थांबली. तोच व्यापारी. आत आला नाही, फाटकाला धरून उभा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, हातात उलथणं.

"काका, मृगबहाराचा बगीचा आहे एक, सौंसरच्या वाटेवर. उद्या येता काय जी पाहायले?"

माझ्या ओठांवर आलंच होतं, हो म्हणा, हो म्हणा! ह्यांनी पेपरातून मान वर केली नाही. पान उलटलं.

"पाहू. यथावकाश कळवतो."

व्यापारी थोडा वेळ घुटमळला आणि गेला. मी उलथणं घेऊनच बाहेर आले, आता भांडणारच होते. खुर्ची रिकामी होती, पेपर खाली पडला होता. मागच्या दारी नळ सुरू झाला आणि ब्रशचा आवाज आला. हे उकिडवे बसून जोडे घासत होते.